गोलपोस्टमध्ये जागा एकच असते

पत्र

ताई, नमस्कार.

आम्ही मूळचे सांगलीचे. चौदा वर्षं झाली, इंग्लंडमध्ये मिडलंड्समधल्या एका गावात राहतो. धाकटा मुलगा अठरा वर्षांचा आहे, गोलकीपर. सोळाव्या वर्षी लीग टूमधल्या, म्हणजे इथल्या फुटबॉलच्या चौथ्या पायरीवरच्या, एका क्लबनं त्याला दोन वर्षांच्या स्कॉलरशिपवर घेतलं, ती येत्या जूनअखेर संपते. क्लबनं आता एक वर्षाचा प्रोफेशनल करार देऊ केलाय, पण तिसरा गोलकीपर म्हणून. दुसरीकडे विद्यापीठात स्पोर्ट सायन्सला जागा मिळाली आहे. ह्यांचं म्हणणं, "तिसरा म्हणजे बाकावरसुद्धा जागा नाही. एक वर्ष फुकट घालवायचं आणि पुढच्या मे महिन्यात हात हलवत घरी यायचं." मुलगा सहीवर अडून बसलाय.

आणखी एक. डिसेंबरात यूथ कपच्या सामन्यात शेवटच्या काही मिनिटांत मागे आलेला पास मारताना त्याचा पाय घसरला, बॉल समोरच्या फॉरवर्डला मिळाला आणि गोल झाला. संघ स्पर्धेतून बाहेर. घरी येताना गाडीत हे म्हणाले, "असं कसं झालं रे, साधा बॉल होता." तेव्हापासून बापलेकाचं बोलणं कामापुरतं. तो ताट वर खोलीत नेतो. ग्लोव्ह्ज मात्र रोज रात्री स्वतः धुतो, मला हात लावू देत नाही.

इतक्या वर्षांत आपल्यासारख्या नावाचा दुसरा गोलकीपर मला कुठल्या मैदानावर दिसला नाही, त्याचीही धास्ती वाटते. पुढच्या गुरुवारी क्लबमध्ये बैठक आहे. काय करू?

— एक आई

उत्तर

नमस्कार वहिनी,

आधी उत्तर देते, बाकीचं मग बोलू. त्याला सही करू द्या. आणि विद्यापीठाची जागा सोडू नका, ती एक वर्ष पुढे ढकलून मागा. दोन्ही कामं याच आठवड्यात करायची आहेत, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलं.

हे मी लांबून सांगत नाहीये. आमचा मोठा नवव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत इथल्याच एका क्लबच्या अकादमीत गोलकीपर होता. सात वर्षं आठवड्यातल्या तीन संध्याकाळी आणि रविवारची सकाळ मी त्याला गाडीतून नेलं-आणलं. सोळाव्या वर्षी त्यांनी बोलावून घेतलं आणि दहा मिनिटांत सांगितलं की स्कॉलरशिप देता येणार नाही. कारण दिलं उंचीचं. आम्ही पार्किंगमध्ये आलो, पाऊस भुरभुरत होता. तो दाराच्या मुठीवर हात ठेवून नुसता उभा राहिला. आणि मी म्हणाले, "जाऊ दे, आता परीक्षेच्या अभ्यासाला वेळ मिळेल." त्या वाक्याबद्दल त्याच्याशी बोलायला मला पुढे चार वर्षं लागली. आज तो शाळेत शिकवतो, शनिवारी एका छोट्या नॉन-लीग, म्हणजे वरच्या चार लीगांच्या खालच्या, संघाकडून खेळतो, चांगला आहे. पण ते वाक्य त्याला अजून पाठ आहे. तुमच्या पत्रातलं गाडीतलं वाक्य वाचलं आणि मला ते पार्किंग आठवलं.

आता तिसरा गोलकीपर म्हणजे काय ते बघू. प्रीमियर लीगचे 20 क्लब, त्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, प्रत्येकी 24. मिळून 92. मधल्या फळीतल्या पोराला एका जागी नाही खेळवलं तर दुसऱ्या जागी खेळवतात, कोणी दमला तर सत्तराव्या मिनिटाला तो आत जातो. गोलकीपरचं तसं नाही. 92 क्लब म्हणजे 92 जागा, बस. पहिला गोलकीपर धडधाकट असेल आणि चांगला खेळत असेल तर लीग टूच्या हंगामातले सगळे 46 सामने तोच खेळतो. दुसरा बाकावर बसतो. तिसरा वॉर्म-अपला शॉट मारून देतो आणि सामना सुरू झाला की स्टँडमध्ये जाऊन बसतो. इथपर्यंत तुमच्या ह्यांचा हिशेब बरोबर आहे, तो मी नाकारत नाही.

पण हा शनिवारचा हिशेब झाला. सोमवार ते शुक्रवार काय चालतं ते तुम्ही दोघांनी एकदा कुंपणाबाहेरून पाहा. गोलकीपर सगळ्यांच्या आधी मैदानावर येतात, त्यांचा कोच वेगळा, कोपरा वेगळा. तिघंही एकाच रांगेत, एकामागून एक, सारखेच शॉट घेतात. कोच तिथे पहिला-तिसरा बघत नाही, चिखल तिघांच्याही अंगावर तेवढाच. मग संघाचा सराव संपतो आणि स्ट्रायकरांना आणखी वीस-तीस शॉट मारून बघायचे असतात. पहिल्या गोलकीपरला शनिवारसाठी जपायचं असतं, तो आत जातो. गोलमध्ये उरतो तुमचा मुलगा. आजवर तो बरोबरीच्या पोरांचे शॉट अडवत आला. आता तिशीतल्या, अंगानं भरलेल्या, आठवड्याच्या पगारासाठी गोल करणाऱ्या माणसांचे अडवेल. कॉर्नरला उडी मारताना बरगडीत बसणारं कोपर कसं असतं ते त्याला तिथेच कळेल. हे वर्ष फुकट जात नाही. फक्त ते शनिवारी दिसत नाही.

तरी सरावानं गोलकीपर अर्धाच घडतो. उरलेला अर्धा सामन्यात घडतो, आणि तिसऱ्याला सामना मिळतो तो बहुतेक दुसऱ्याच्या घरी. इथे त्याला लोन म्हणतात, आपल्या भाषेत उसनवारी. इंग्लंडचा गोलकीपर जॉर्डन पिकफर्ड बघा. सुंदरलँडच्या अकादमीतला मुलगा. 2012 मध्ये त्याला पाचव्या पायरीवरच्या, पैशाअभावी मोडकळीस आलेल्या डार्लिंग्टनला पाठवलं. मग अल्फ्रेटन, मग बर्टन, कार्लाइल, ब्रॅडफर्ड, प्रेस्टन. तीन-चार वर्षांत सहा क्लब, सहा ड्रेसिंग रूम, दर वेळी नवी बचावफळी आणि नवे आवाज. 2017 मध्ये एव्हर्टननं त्याच्यासाठी अडीच कोटी पौंड मोजले, आणि पुढच्या वर्षी वर्ल्ड कपात कोलंबियाविरुद्धच्या पेनल्टी शूटआउटमध्ये बाक्काचा फटका त्यानं एका हातानं परतवला. तो हात सुंदरलँडच्या सरावात जेवढा तयार झाला, तेवढाच अल्फ्रेटनच्या थंडीत तयार झाला, असं माझं ठाम मत आहे.

निक पोपची गोष्ट तर मला आणखी जवळची वाटते, कारण ती आमच्या पार्किंगपासून सुरू होते. सोळाव्या वर्षी इप्सविचनं त्याला सोडलं. तो सफकमधल्या बरी टाऊन या नॉन-लीग क्लबकडे गेला, बरोबरीनं कॉलेज करत राहिला. एकोणिसाव्या वर्षी चार्लटननं उचललं आणि लगेच उसनं द्यायला सुरुवात केली: हॅरो बरो, वेलिंग, केंब्रिज युनायटेड, ऑल्डरशॉट, यॉर्क, बरी. 2016 मध्ये बर्नलीला गेला आणि तिथेही आधी बसूनच राहिला. सप्टेंबर 2017 मध्ये पहिला गोलकीपर टॉम हीटन याचा खांदा निखळला, पोप आत गेला आणि त्या हंगामात त्यानं ती जागा परत दिली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो इंग्लंडच्या वर्ल्ड कप संघात होता. दुसऱ्याच्या खांद्यावर आपली संधी यावी असं कोणी मनात आणत नाही, पण गोलकीपरच्या धंद्यात बहुतेक दारं अशीच उघडतात. दार उघडेल तेव्हा तयार असणं एवढंच हातात.

आणि वय. अठरा म्हणजे गोलकीपरमध्ये कोवळं पोर. पीटर शिल्टननं लीगमधला हजारावा सामना डिसेंबर 1996 मध्ये लेटन ओरिएंटकडून खेळला तेव्हा तो 47 वर्षांचा होता. ते टोक झालं. पण डेव्हिड मार्टिन बघा: लिव्हरपूलमध्ये एकही सामना न खेळता बाहेर पडला, मिल्टन कीन्स डॉन्सकडून कित्येक वर्षं खालच्या लीगमध्ये खेळला, मग मिलवॉल, आणि शेवटी लहानपणापासून ज्या क्लबवर जीव होता त्या वेस्ट हॅममध्ये राखीव म्हणून आला. त्याचे वडील ॲल्विन मार्टिन हे त्याच क्लबचे जुने बचावपटू. 30 नोव्हेंबर 2019 ला चेल्सीच्या मैदानावर त्याला पहिल्यांदा प्रीमियर लीगमध्ये उतरवलं. वय 33. वेस्ट हॅम 1-0 नं जिंकलं. शिट्टी वाजल्यावर तो मैदानातच रडला, मग वडिलांच्या गळ्यात पडला. ती मिठी ह्यांना दाखवा. त्यासाठी काही बोलायची गरज नाही.

आता एक गोष्ट ह्यांच्या बाजूची सांगते, कारण त्यांची भीती खोटी नाही. 8 मे 1999, कार्लाइलचं ब्रंटन पार्क. हंगामाचा शेवटचा दिवस. प्लिमथला हरवलं नाही तर कार्लाइल युनायटेड लीगमधूनच बाहेर जाणार. क्लबकडे गोलकीपर उरला नव्हता, म्हणून खेळाडूंच्या बदल्यांची मुदत संपल्यावर खास परवानगी काढून स्विंडनहून जिमी ग्लासला उसना आणलेला. 1-1 अशी बरोबरी, भरपाईच्या वेळातही शेवटचे काही क्षण, आणि कार्लाइलला कॉर्नर. ग्लास आपला गोल उघडा टाकून पूर्ण मैदान धावत गेला. हेडर समोरच्या गोलकीपरनं परतवला, बॉल मोकळा पडला, आणि ग्लासनं उजव्या पायानं तो आत मारला. कार्लाइल वाचलं, त्यांच्याऐवजी स्कारबरो हा क्लब खाली गेला. लोक मैदानात घुसले. ग्लास कार्लाइलकडून एकूण तीन सामने खेळला. पुढे त्याला कुठे नीट जागा मिळाली नाही, तिशीच्या आत त्यानं व्यावसायिक फुटबॉल सोडलं, आणि नंतर तो टॅक्सी चालवायचा. एका अख्ख्या शहराचा क्लब ज्याच्या पायानं वाचला त्याची ही कथा. म्हणून मी सही करा म्हणते, पण विद्यापीठाची जागा सोडा असं म्हणत नाही.

तातडीचं लोन आजही लीगच्या नियमांत आहे. एखाद्या क्लबकडे खेळवण्याजोगा गोलकीपर राहिला नाही तर सात दिवसांसाठी दुसऱ्याचा आणता येतो. बाकी खेळाडूंना ही सोय नाही. त्यामुळे या धंद्यातला फोन कधीही वाजतो, शुक्रवारी दुपारीसुद्धा.

गुरुवारची बैठक. तिथे दोघंही जा, आणि प्रश्न ह्यांनाच विचारू द्या. आकडे पाहणारा माणूस तिथे फार उपयोगी पडतो. पहिलं म्हणजे लोन: कुठे, कोणत्या पायरीवरच्या क्लबला, सप्टेंबरात की जानेवारीत? "बघू, वेळ आली की करू" हे उत्तर असेल तर पुन्हा विचारा. मुलाला पायरी खालची चालेल, पण सामने हवेत. नॉन-लीगमध्ये पाचशे माणसांसमोर खेळलेले वीस सामने ट्रॅकसूटमध्ये काढलेल्या हंगामापेक्षा कितीतरी मोलाचे. मग पुढच्या दोघांबद्दल विचारा. वय किती, करार कधीपर्यंतचा? पहिला चौतिशीचा असेल आणि पुढच्या जूनला मोकळा होणार असेल तर तुमच्या मुलाचं चित्र एक. तो तेवीसचा असून तीन वर्षांचा करार करून बसला असेल तर चित्र अगदी निराळं. ईएफएल ट्रॉफीत कोणाला खेळवणार तेही विचारा. ती लीग वन आणि लीग टूच्या क्लबांची स्पर्धा, मोठ्या क्लबांचे 21 वर्षांखालचे संघही तिच्यात उतरतात, आणि राखीव गोलकीपरला तिथे संधी मिळू शकते.

गोलकीपर कोच कोण, तो पूर्ण वेळ आहे का, राहणार आहे का? हे मी सगळ्यांत वर ठेवायला हवं होतं. मॅनेजर येतात नि जातात, गोलकीपर घडवतो तो हा माणूस. आमच्या मोठ्याचं सगळ्यांत चांगलं वर्ष ज्या कोचच्या हाताखाली गेलं, त्याच्याशी तो आजही बोलतो. आणि करारात पुढच्या वर्षाचा "ऑप्शन" असेल तर तो कोणाच्या हातात आहे ते वाचा. बहुतेक वेळा तो क्लबच्या हातात असतो: त्यांना वाटलं तर ठेवणार, नाही वाटलं तर नाही, मुलाला मात्र निघून जायची मुभा नाही. यात लबाडी काही नाही, तशी रीतच आहे, पण सही करताना माहीत असावं. कागद आधी घरी आणा, खेळाडूंच्या संघटनेला म्हणजे पीएफएला दाखवा. 1907 पासूनची संघटना आहे, हे त्यांचं रोजचं काम. या घाईत कोणी एजंट गळ्यात पडू लागला तर सध्या नको म्हणा.

आता डिसेंबरचा गोल. माझ्या मते घरातली खरी अडचण कराराची नाही, या गोलाची आहे.

ह्यांनी "साधा बॉल होता" म्हटलं. 1992 पर्यंत खरंच साधा असता. तोवर आपल्या बचावपटूनं पायानं मागे दिलेला बॉल गोलकीपर सरळ हातात उचलायचा. त्या वर्षी नियम बदलला, हात लावायची सोय गेली. 2019 मध्ये गोल किकचा नियम बदलला, आता बॉल पेनल्टी एरियातच सहकाऱ्याला देता येतो. त्यामुळे लीग टूपर्यंतचे कोच म्हणू लागले की खेळ गोलकीपरच्या पायापासून बांधायचा. डिसेंबरातली ओली, जड जमीन, समोरून जिवाच्या आकांतानं धावत येणारा फॉरवर्ड, आणि बॉल टप्पा घेऊन येतोय. त्यात उभा पाय घसरला. आम्ही बाहेरून बघतो तेव्हा फक्त घसरणं दिसतं. कोचनंच त्याला तिथे पाय वापरायला शिकवलेलं असतं, ते दिसत नाही.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे तालमींचे फुटबॉल संघ, शाहू स्टेडियम भरलेलं, आणि गोलकीपरकडून बॉल सुटला की जी आरोळी उठायची ती मी लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून ऐकली आहे. स्ट्रायकरनं पाच संधी घालवल्या तर संध्याकाळपर्यंत लोक विसरायचे. गोलकीपरची एक चूक पेठेत वर्षभर सांगितली जायची. इंग्लंडातही तेच.

21 नोव्हेंबर 2007 ला वेम्ब्लीवर स्कॉट कार्सन नावाचा 22 वर्षांचा मुलगा इंग्लंडच्या गोलमध्ये उभा होता. समोर क्रोएशिया, युरोसाठी पात्र ठरायचं होतं, आणि महत्त्वाच्या सामन्यात उतरायची त्याची ही पहिलीच वेळ. पाऊस. आठव्या मिनिटाला क्रान्यचारनं लांबून फटका मारला, बॉल त्याच्या पुढ्यात टप्पा पडून वळला, हाताला लागला आणि आत गेला. इंग्लंड 3-2 नं हरलं, युरो 2008 हुकलं. दुसऱ्या दिवशी देशभरच्या पेपरांत त्याचंच तोंड. इंग्लंडचा शर्ट त्याला पुढे मोजून थोड्याच वेळा मिळाला.

त्यानं काय केलं? खेळत राहिला. वेस्ट ब्रॉम, तुर्कस्तानात बुर्सास्पोर, विगन, डर्बी. शेकडो सामने. 2019 मध्ये मँचेस्टर सिटीनं त्याला तिसरा गोलकीपर म्हणून घेतलं. तिसरा, वहिनी, तुमच्या मुलासारखाच, फक्त आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला. मे 2021 मध्ये न्यूकॅसलविरुद्ध त्याला उतरवलं, वय 35. त्या सामन्यात त्यानं पेनल्टी अडवली, परत आलेला बॉल मात्र आत गेला. 2005 मध्ये लिव्हरपूलनं चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हा तो राखीव गोलकीपर होता. 2023 मध्ये सिटीनं जिंकली तेव्हाही होता. दोन्ही अंतिम सामने इस्तंबूललाच, मध्ये अठरा वर्षं, आणि दोन्ही वेळा तो एक मिनिटही खेळला नाही. जगातले उत्तम संघ अशा माणसाला पगार देऊन ठेवतात, कारण रोजच्या सरावात त्याचा चांगुलपणा आणि अनुभव कामी येतो. वेम्ब्लीवरच्या त्या आठव्या मिनिटानं त्याचं आयुष्य संपलं नाही.

ही गोष्ट मुलाला सांगू नका. त्याला ती माहीत असेल, सगळ्या गोलकीपरांना असते. ती ह्यांना सांगा.

ह्यांनी त्याच्याशी त्या गोलाबद्दल आता बोलायला जावं असं मला वाटत नाही. फक्त एकदा, तो ताट घेऊन वर निघाला की, "त्या दिवशी गाडीत मी बोलायला नको होतं," एवढं म्हणावं. पुढे काही जोडू नये. "पण" तर मुळीच नको. त्याचं उत्तर आलं नाही तरी चालेल.

तो ग्लोव्ह्ज स्वतः धुतो ते वाचून मला बरं वाटलं. तळव्याचं लॅटेक्स कोरडं पडलं किंवा त्यात माती साचली की पकड जाते. कोमट पाणी, साबण नावापुरता, पिळायचं नाही, रेडिएटरवर तर कधीच नाही. न्हाणीघरात दांडीवर बोटं खाली करून लटकवलेले ग्लोव्ह्ज म्हणजे उद्याही तो गोलमध्ये उभा राहणार आहे. ज्या दिवशी ते किटबॅगेत तसेच ओले कुजत पडलेले दिसतील, त्या दिवशी मात्र काळजी करा. झोप उडाली, जेवण सुटलं, दुखण्याच्या गोळ्या दिसू लागल्या, तरीही. इंग्लंडसाठी खेळलेला गोलकीपर ख्रिस कर्कलंड पुढे नैराश्यात आणि वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनात अडकला. तो ते उघडपणे सांगतो, आणि त्याच्या सांगण्यामुळे अनेकांना बोलता आलं. पीएफएची समुपदेशनाची फोनसेवा चोवीस तास असते. नंबर आत्ताच त्याच्या फोनमध्ये घालून ठेवा, वेळ येण्याची वाट बघू नका.

नावाचं म्हणाल तर तुमची धास्ती खरी आहे. या देशात दक्षिण आशियाई मूळ असलेली माणसं लाखोंनी आहेत, आणि व्यावसायिक फुटबॉलमध्ये अगदी बोटावर मोजण्याइतकी. नील टेलर, डॅनी बाथ, हम्झा चौधरी, यान ढांडा अशी नावं आहेत, पण कोणीच गोलकीपर नाही. तुमच्या मुलाला स्टँडमधून काही ऐकावं लागेल, नाही असं मी खोटं सांगणार नाही. ऐकलं तर ते त्यानं गिळायचं नाही, त्याच क्षणी रेफरीला आणि नंतर क्लबला सांगायचं, हे घरात आधीच ठरवून ठेवा. पीएफएचा दक्षिण आशियाई मुळाच्या खेळाडूंसाठी मार्गदर्शनाचा उपक्रम आहे, तिथे याच वाटेनं गेलेले थोरले भाऊ भेटतात. सही झाली की पहिल्याच आठवड्यात त्याला जोडून द्या.

विद्यापीठाला उद्याच ईमेल करा. मुलानंच करावा, तुम्ही नाही. कारण स्पष्ट लिहावं: व्यावसायिक करार मिळतोय, प्रवेश एक वर्ष पुढे ढकलून मिळेल का. स्पोर्ट सायन्सच्या विभागाला हे कारण समजावून सांगावं लागत नाही. समजा नाही म्हणाले, तरी सही करा. त्याचे गुण कुठे जात नाहीत, पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो. लीग टूचा करार मात्र वर्षभर थांबत नाही. सराव बहुधा दुपारपर्यंत संपतो. त्या मोकळ्या दुपारींत ओपन युनिव्हर्सिटीचा एखादा विषय उचलता येईल, आणि पीएफए सभासदांना शिक्षणासाठी मदतही देते. ह्यांना हे ऐकून थोडा धीर येईल.

आणि जानेवारीत, पुढच्या, तिघं मिळून स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसा. तोवर लोनवर गेला का, किती सामने झाले, कोच काय म्हणतो. एकही सामना नसेल तर क्लबला सरळ विचारायची वेळ तीच, कारण बदल्यांची खिडकी तेव्हा उघडी असते आणि विद्यापीठाचे अर्जही त्याच सुमारास जातात. तोपर्यंत दर शनिवारी "खेळवलं का?" हा प्रश्न विचारू नका. खेळवलं असेल तर तो सांगेलच, आधी तुम्हालाच सांगेल.

गुरुवारी बैठक संपल्यावर गाडीत बसाल, तेव्हा पहिला शब्द त्याला बोलू द्या. अर्धा तास लागला तरी.

— तुमची ताई